दुरुस्तीला थांबलेली गाडी

मला रक्ताची किळस येत नाही, मेलेल्या कुत्र्याची येत नाही. पंपावर नोकरी करणाऱ्या माणसाला हे सगळं बघावंच लागतं, आणि आग्रा रोडवर ते रोजच दिसतं. पण फौजेच्या त्या गाडीची आठवण निघाली की आजही माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटतं. गाडी बिचारीचा काही दोष नव्हता. तिचा एक रबरी पडदा तेवढा फाटला होता.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा नरडाणा फाट्याजवळच्या डिझेल पंपावर मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे नळी धरणाराही मीच, हिशेब ठेवणाराही मीच आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणाराही मीच. आमच्या पंपावर टेलिफोन होता, त्यामुळे पंचक्रोशीतल्या सगळ्यांच्या अडचणी आधी माझ्या टेबलावर यायच्या. एका सकाळी फौजेचा मोठा ताफा दक्षिणेकडून आला आणि शिरपूरच्या दिशेने निघून गेला. त्यातली एक गाडी आमच्या कडुलिंबाखाली धापा टाकत थांबली ती थांबलीच.

गाडीचा ड्रायव्हर लोटन. पाचोऱ्याकडचा, शेतकऱ्याघरचा, उंच, शांत, बोलायला लाजणारा. त्याच्याबरोबर राखणीला एक दुसरा शिपाई होता. ताफ्याच्या शेवटी दुरुस्तीवाल्यांची गाडी असते, ती आली. तिच्यातल्या हवालदाराने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि लगेच सांगितलं, डिझेल ओढणाऱ्या पंपातला पडदा गेलाय. पापडाएवढा रबराचा तुकडा. मी म्हटलं, "धुळ्यात मिळेल. एसटीने माणूस पाठवतो, संध्याकाळच्या आत आणतो." हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या नैवेद्यात हात घातला.

मग लोटनने मला त्यांची रीत समजावली. रोजची झाडपूस, तेलपाणी ड्रायव्हरने करायचं. टायर, पट्टे, बल्ब ताफ्याबरोबरच्या दुरुस्तीवाल्यांनी बदलायचे. पंप उघडायचा हक्क त्यांच्या मागच्या कारखान्याला. इंजिन सबंध खोलायचं तर त्याच्याही मागचा मोठा कारखाना. पंपाला शिशाचं सील असतं, ते खालच्याने फोडलं तर गुन्हा. बाहेरचा पार्ट लावला तर त्याहून मोठा गुन्हा. आमच्या आजीचं सोवळं इतकं कडक नव्हतं. तिच्या सोवळ्याला निदान भूक लागल्यावर सवलत मिळायची.

"दो दिन में कारखानेवाले आयेंगे," असं म्हणून हवालदार निघून गेला.

लोटन खुश होता. एक तर मुलूख आपला, बोली आपली, पाण्याची चव आपली. आणि दुसरं म्हणजे त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी इथलीच, शिंदखेडा तालुक्यातली. पितांबर पाटलाची कमल. तिथी महिनाभरावर होती आणि रजा मंजूर होती. एकदा आधी तिथी धरून मोडली होती, कारण ऐन वेळी त्याची तुकडी हलली होती. पितांबर तेव्हाच म्हणाला होता की आता मोडली तर मुलगी दुसरीकडे देईन. लोटनने हे मला पहिल्याच दिवशी चहा पिताना सांगितलं. रजेवर जायचं तर गाडीचा ताबा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवा, हेही सांगितलं. "पन काय चिंता नही भाऊ," तो म्हणाला, "दोन दिननी बात शे."

कारखान्यावाले आले नाहीत. दुसरा ताफा आला. त्यातल्या एका गाडीची बॅटरी बसली होती. त्यांच्या दुरुस्तीवाल्याने लोटनची गाडी पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. ही तशीही उभीच आहे, आमची चालती झाली पाहिजे, असं म्हणून त्याने बॅटरी काढली. वर एक कागद फाडून दिला. शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे. लोटनने सलाम ठोकला आणि पावती घडी घालून खिशात ठेवली.

"अरे, दिली कशी तू?" मी विचारलं.

"भाऊ, आमनाकडे असंच ऱ्हास. एक गाडी मरस, तिना हाडं चार गाड्यासले कामले येतस."

त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. लढाईत हेच शहाणपण असेल. पण इथे लढाई नव्हती आणि गाडीही मेलेली नव्हती. तिला सर्दी झाली होती आणि हे लोक तिचे डोळे काढून नेत होते.

त्यानंतर ती रीतच पडली. ताफे येत गेले. कुणी पुढची चाकं नेली, कुणी मागची. गाडी आमच्याच पंपावरच्या दगडांवर टेकवली, दगड मीच दिले. कुणी रेडिएटर नेला, कुणी डायनॅमो. एकाने सीटची गादी नेली, म्हणाला आमच्या साहेबांची फाटलीय. एका ताफ्यात ड्रायव्हर आजारी पडला होता, तर त्यांनी लोटनसोबतचा शिपाईच उचलला, आणि विश्वास ठेवा नका ठेवू, त्याचीही पावती दिली. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, दो दिन में. लोटन प्रत्येकाला सलाम ठोकायचा. कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणतो, पण इथे कुंपण खात होतं आणि शेत सलाम ठोकत होतं.

मी त्यांच्या कारखान्याला फोन लावायचो. ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस जायचा. पलीकडचा माणूस गोड आवाजात सांगायचा की मागणी वर गेली आहे. एकदा त्याने विचारलं, "गाडी ठीक हालत में है ना?" मी बाहेर पाहिलं. दगडांवर टेकलेला सांगाडा, बॉनेटखाली पोकळी, आणि त्या पोकळीत एकटा तो डिझेल ओढणारा पंप. शिशाचं सील शाबूत. त्याला मात्र कुणी हात लावला नव्हता, कारण तो बिघडलेला होता. मी फोन लोटनच्या हातात दिला. लोटन म्हणाला, "जी साहब, ठीक है." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिथी जवळ आली तसा पितांबर पाटील जावई बघायला आला. पांढरी टोपी, हातात छत्री, चेहऱ्यावर मुलीच्या बापाची काळजी. गाडीभोवती एक फेरी मारून तो लोटनसमोर उभा राहिला.

"पाव्हनं, गाडीना चाकं कथा शेतस?"

"आमनाच लोके लई गयात, आबा."

"आनि तू नुस्ता देखत ऱ्हायना?"

"पावती दिधी त्यासनी." लोटनने खिशातला कागदांचा गठ्ठा दाखवला.

पितांबरने दोन-चार पावत्या उलटून पाहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सुकदेवभाऊ, उद्या मनी पोरले कोनी उचलीसन नेई, तं हाऊ पावतीच लेई का?" मी हसलो. हसण्यासारखं नव्हतं, तरी हसलो. लोटनने ते ऐकलं आणि त्याची मान खाली गेली.

लग्न मोडायचंच, पण लोटनची आई भिकुबाई उभी राहिली. ती पाचोऱ्याहून दोन गाड्या बदलून आली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, तोंडात सगळ्यांना पुरून उरेल इतकी जीभ. लेकाला गाडी सोडता येत नाही हे तिला तीनदा सांगावं लागलं. समजल्यावर ती पितांबरला म्हणाली, "नवरदेव येत नही ना? मंग हळद जाई त्यानाकडे. मांडव बी आठेच टाकू. पोर तुमनी, झाड पंपवाल्या भाऊनं, देव बठ्ठासना." पितांबरने आढेवेढे घेतले, पण तिथी दोनदा मोडल्याची बदनामी मुलीच्या बापालाच जास्त चिकटते. तो तयार झाला. लोटनला विचारलं, ड्युटीवर लग्न चालेल का? तो विचार करून म्हणाला, गाडी नजरेआड होऊ द्यायची नाही एवढाच हुकूम आहे, लग्न करू नको असं कुठे लिहिलेलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तो पोरगा आवडला.

मग काय विचारता! कडुलिंबाला लागून बांबू रोवले, आंब्या-जांभळाच्या डहाळ्या टाकल्या. कनात शिंदखेड्याहून आली, खुर्च्या मी पंपाच्या दिल्या, पातेली गावपंचायतीची. भाऊबंदांनी वरण-बट्टीचा घाट घातला, वांगी घोटायला चुली पेटल्या. हळदीच्या सकाळी पाचोऱ्याकडच्या बाया टेम्पोतून गात आल्या. लोटन त्या सांगाड्याच्या फूटबोर्डावर वर्दीत बसला आणि बायांनी वर्दीसकट त्याला माखला. कान, मान, बाह्या, बिल्ले, सगळं पिवळं. भिकुबाईने थोडी हळद गाडीच्या दारालाही लावली. लोटनची उष्टी हळद वाटीत काढून करवल्या मुलीकडे घेऊन गेल्या. तासाभरात निरोप आला की कमलला ती लागली. आपल्याकडे उष्टी हळद लागली म्हणजे निम्मं लग्न झालंच. उरलं ते तिन्हीसांजेला अक्षता टाकण्यापुरतं.

आणि भर दुपारी कारखान्यावाले आले.

एक जीप, मागे लांबलचक ट्रेलर, त्याच्यावर उचलायचं यंत्र. वरातीमागून घोडं असं म्हणतात, इथे घोडं वरातीच्या आधी पोचलं आणि वरातच तुडवली. जीपमधून तरुण साहेब उतरला. स्वच्छ, हसरा, बोलण्यात अदब. त्याने गाडीभोवती फेरी मारली, पावत्या तपासल्या, सगळ्या बरोबर निघाल्या. मग त्याने सांगितलं की गाडीत एवढं सामान कमी आहे की ती आता दुरुस्त करण्याच्या लायकीची राहिली नाही. मोठ्या कारखान्यात नेऊन ती रद्द करावी लागेल. आणि गाडी ज्याच्या ताब्यात, त्याने तिच्याबरोबर जायचं. ताबा तिथे उतरेल.

मी त्याच्यापुढे हात जोडले. मी कुणापुढे हात जोडत नाही, बायकोला विचारा. म्हटलं, साहेब, एक रात्र. उद्या सकाळी न्या. मुलीला हळद लागली आहे. त्याने खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. ट्रेलर आजच्यापुरताच मिळाला आहे, उद्या तो दुसऱ्याच्या नावावर आहे, म्हणाला. तिकडे पोचल्यावर लगेच सुटका होईल. "दो दिन में भेज देंगे."

पितांबर चिडून काही बोलणार तेवढ्यात साहेबाच्या माणसांपैकी एकाला चुलीवरच्या पातेल्याचा वास आला. पाहुणा दारात आला की त्याला उपाशी पाठवायचं नाही, ही आमची खोड. भाऊबंदांतल्या कुणीतरी पत्रावळ्या मांडल्याच. ते बसले. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, बुंदी. चांगले चापून जेवले. लोटनच्या लग्नाचं जेवण, आणि पहिली पंगत त्याला न्यायला आलेल्यांची! यंत्राने गाडी उचलली जात होती, तिचे दगड खाली राहिले होते, आणि एक जण ओरडून तूप मागत होता. मी आत गेलो आणि मोरीत उलटी केली. उन्हामुळे असेल असं बायको म्हणाली. उन्हामुळे नव्हती.

बाहेर आलो तर साहेब लोटनच्या हातात एक पाकीट देत होता. सीलबंद, मेणकागदात गुंडाळलेलं. तो रबरी पडदा. मंजूर होऊन आला होता, लोटनच्या नावावर. "साइन करो." लोटनने सही केली. कागदावर पिवळा अंगठा उमटला. साहेबाने रुमालाने तो पुसायचा प्रयत्न केला आणि तो आणखी पसरला.

लोटन ट्रेलरवर चढला आणि सांगाड्याच्या केबिनमध्ये जाऊन बसला. गादी नव्हती, नुसत्या पत्र्यावर. नवरदेवाच्या मुंडावळ्या भिकुबाईच्या हातात तशाच राहिल्या होत्या. ती साहेबासमोर गेली. ती रडत नव्हती, खरोखर विचारत होती.

"गाडी खराब व्हयनी शे, बापू. मना पोऱ्या तं धडधाकट शे. मंग त्याले काब्र लई जातस?"

साहेबाला बोली कळली नाही. त्याने मान वर करून लोटनला विचारलं, "क्या कह रही हैं माताजी?"

लोटन समोर बघत म्हणाला, "जय हिंद कह रही हैं, साहब."

साहेबाने भिकुबाईला कडक सलाम ठोकला. ट्रेलर हलला. फाट्याच्या वळणावर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, लोटनने दोन्ही हातांनी स्टिअरिंग वळवलं. त्या गाडीला चाकं नव्हती. मी रस्त्यावर थुंकलो.

आता इथे गोष्ट संपवली असती तर मला सगळी थुंकी फौजेवर टाकून मोकळं होता आलं असतं. पण तसं झालं नाही.

दोन दिवसांत पाठवतो म्हणाले होते, म्हणून पितांबरने मांडव ठेवला. भिकुबाई मांडवातच राहिली. लोक समजूतदार होते, सगळे तिला धीर देत होते. दोन दिवस झाले. मग पंचायतीचा माणूस आला, पातेली दुसऱ्या लग्नात हवी होती. ही तशीही रिकामीच आहेत, म्हणाला. नेली. कनातवाल्याला सोनगीरची सुपारी होती, इथे कनात नुसती उभीच, म्हणून तो सोडून घेऊन गेला. बांबू कुणाच्या तरी गोठ्याला कमी पडत होते. वाळलेल्या डहाळ्या शेळ्यांनी खाल्ल्या. पंपावर गिऱ्हाइकं उभी राहायला लागली, तेव्हा माझ्या खुर्च्या मीही आत आणल्या. तिथे आता नुसते खड्डे राहिले आणि त्यांच्यामध्ये भिकुबाई. तिला मी पाचोऱ्याच्या गाडीत बसवून दिलं.

आणि मग दोंडाईच्याकडचे पितांबरचे पाहुणे आले. त्यांच्या मुलाचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं होतं, तिथी वाया जात होती. हळदीची मुलगी घरात बसून आहे, आमचा मुलगा तयार आहे, दोघांचंही निभेल, असं ते म्हणाले. कुणी वाईट बोललं नाही. न्हाऊ घातलं की हळद जाते, असं एक म्हातारी म्हणाली. कमलला कुणी विचारलं नाही. पितांबर माझ्याकडे आला, त्याला माझ्याकडून हो ऐकायचं होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी एका ट्रकची टाकी भरत होतो आणि भरतच राहिलो.

लोटन आला तेव्हा मृगाचे ढग जमले होते. एसटीतून फाट्यावर उतरला, हातात ट्रंक, वर्दी धुऊन कडक केलेली. कॉलरच्या शिवणीत मात्र हळदीची रेघ राहिली होती. त्याने कडुलिंबाखाली पाहिलं. दगड, खड्डे. तो माझ्यासमोर टेबलाशी येऊन बसला. मी चहा मागवला आणि जे झालं ते सांगितलं. पातेली, कनात, बांबू, खुर्च्या, शेवटी कमल.

मग त्याने खिशातून ते मेणकागदाचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. गाडी रद्द झाली होती, तिच्यासाठी आलेला पडदा कुठे जमा करायचा हे कुणाला सांगता आलं नव्हतं. सील अजून फुटलेलं नव्हतं.

"बठ्ठं लई गयात?" त्याने विचारलं.

"हां, सगळं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं.

"पावती दिधी का?"